एक छत्री, तीन टीव्ही: घरभर डिश वाटण्याच्या सामानात काय घ्यावं आणि काय दुकानातच ठेवावं

हॉलमध्ये डिशचं चित्र स्वच्छ असतं. तेच बेडरूममध्ये किंवा वरच्या मजल्यावर नेलं की स्कोअरचे आकडे पुसट होतात, नाहीतर मधूनच चौकोन पडून आवाज तुटतो. ही तक्रार घेऊन लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलात, तर काउंटरवर तीन वस्तू हमखास पुढे येतात: बूस्टर, सोन्याच्या मुलाम्याची एचडीएमआय वायर आणि एक छोटा स्प्लिटर. यातली कुठलीही वस्तू घेण्याआधी बिघाड सेटटॉप बॉक्सच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते ठरवा. चुकीच्या बाजूचं सामान कितीही महाग घेतलं तरी चित्रात काडीचा फरक पडत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. चौकोन पडणं, चित्र गोठणं, आवाज तुटणं, 'सिग्नल उपलब्ध नाही' अशी पाटी येणं, हे दोष छत्री ते बॉक्स या टप्प्यातले. चित्र मळकट दिसणं, अक्षरांच्या कडांना रंग सांडणं, मुंग्या येणं, आडवे पट्टे हळूहळू वर सरकणं, हे बॉक्स ते टीव्ही या टप्प्यातले. छत्रीकडून येणारा सिग्नल डिजिटल आहे. तो कमी पडला म्हणून रंग फिके होत नाहीत. एका मर्यादेपर्यंत चित्र पूर्ण चांगलं राहतं आणि मर्यादा ओलांडली की थेट फुटतं. त्यामुळे 'छत्री जरा फिरवून दिली की रंग उठून दिसतील' असं कोणी सांगितलं तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

छत्री ते बॉक्स

आधी वायर. आरजी-६ (छत्रीपासून बॉक्सपर्यंत येणारी गोल वायर) या एकाच नावाखाली बाजारात दोन जाती मिळतात. एकीत मधली तार पूर्ण तांब्याची असते, दुसरीत लोखंडी तारेवर तांब्याचा मुलामा असतो. टोकाशी लोहचुंबक धरा. चिकटलं तर मुलाम्याची. सिग्नलला मुलामा पुरतो, कारण एवढ्या उच्च फ्रिक्वेन्सीला प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच जातो. पण याच तारेतून बॉक्स एलएनबीला (छत्रीसमोरचा, सिग्नल झेलून खाली पाठवणारा डबा) १३ किंवा १८ व्होल्ट वीज पाठवतो आणि ती तारेच्या सगळ्या जाडीतून वाहते. मुलाम्याच्या ५० मीटर वायरवर, २०० मिलिअँपिअरच्या आसपास ओढणाऱ्या एलएनबीसाठी, एक व्होल्टच्या घरात गळती होते. फ्लॅटमध्ये गच्चीपासून २०-२५ मीटर अंतर असेल तर याची फिकीर नको. तीन मजली बंगला असेल, तर शुद्ध तांब्याच्या वायरीला दिलेले जादा पैसे वाया जात नाहीत.

भिंतीत आधीपासून असलेली केबलवाल्याची जुनी वायर वापरण्याचा मोह आवरा. ती बहुधा आरजी-५९ ही बारीक जात किंवा विरळ जाळीची (मधल्या तारेभोवतीचं धातूचं विणकाम) असते. एलएनबी खाली पाठवतो तो सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये असतो. चांगली आरजी-६ या पट्ट्याच्या खालच्या टोकाला १०० मीटरमागे सुमारे २० डेसिबल खाते आणि वरच्या टोकाला ३० च्या वर. जुनी वायर याहून बरीच जास्त खाते, आणि वरच्या टोकाचे चॅनल आधी जातात. म्हणून 'बाकी सगळं दिसतं, ठरावीक चॅनलच फुटतात' ही तक्रार ऐकली की संशय आधी वायरवर घ्यावा, मग जोडांवर.

जोडांचं म्हणाल, तर पीळ देऊन बसवायचा एफ-कनेक्टर, ज्याला सगळे जॅकच म्हणतात, हीच या सगळ्या साखळीतली सर्वात वाईट वस्तू. तो स्वस्त आहे आणि हाताने बसतो म्हणून सर्वत्र दिसतो. त्याची पकड सैल असते, पावसाचं पाणी पिळातून आत शिरतं आणि बाहेरचे रेडिओ सिग्नलही त्याच वाटेने येतात. त्याऐवजी दाबून बसवायचा कॉम्प्रेशन कनेक्टर घ्या. त्याचं हत्यार वेगळं घ्यावं लागतं, पण तीन-चार टीव्हींचं घर असेल तर ते एकदाच घेऊन ठेवणं फायद्याचं. वायर सोलताना बाहेरचं आवरण आणि पांढरा फोम, दोन्ही सव्वासहा मिलिमीटरच्या टप्प्याने काढा. जाळी उलटी मागे दुमडा. फोमचं तोंड कनेक्टरच्या आतल्या तळाशी समपातळीत यायला हवं आणि मधली तार कडेच्या बाहेर सुमारे ३ मिलिमीटर. जाळीचा एकच केस मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो, एलएनबीची वीज बंद पडते आणि स्क्रीनवर 'सिग्नल नाही' येतं. अशा वेळी लोक एलएनबी बदलतात, आणि नव्या एलएनबीवरही तेच येतं.

छत्रीखालच्या जोडावर रबरी टोपी आणि वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. साधी काळी टेप एका उन्हाळ्यात सुटते. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झुकलेला वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून टपकतं, आत येत नाही. कोकणात आणि मुंबईच्या किनाऱ्यालगत खारट हवेने जोड गंजतात, म्हणून पावसाळ्याआधी एकदा उघडून पाहणं बरं. जाळी काळी किंवा हिरवट दिसली तर चकचकीत भाग लागेपर्यंत वायर कापा. हातभर कापूनही काळीच असेल तर ती वायर बदला.

आता स्प्लिटर. त्याच्या अंगावर काय छापलंय ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. '५-१००० मेगाहर्ट्झ' लिहिलेला स्प्लिटर केबल टीव्हीचा. डिशच्या सिग्नलचा मोठा भाग त्याच्या पट्ट्याबाहेर राहतो. '५-२४००' किंवा '५-२५००' हवा, आणि वीज जाऊ देणाऱ्या तोंडांची खूणही हवी. पण बरोबर स्प्लिटर घेतला तरी दोन बॉक्सचा प्रश्न सुटत नाही. बॉक्स १३ व्होल्ट पाठवून उभ्या ध्रुवणाचे (म्हणजे ज्यांच्या लहरी उभ्या येतात ते) चॅनल मागतो आणि १८ व्होल्ट पाठवून आडव्या. दोन बॉक्सनी एकाच एलएनबीकडे वेगवेगळी मागणी केली तर जास्त व्होल्ट जिंकतात, आणि दुसऱ्या खोलीत काही चॅनल नाहीसे होतात. हॉलमध्ये कुणी चॅनल बदलला की बेडरूममधला बंद पडतो, असा विचित्र वाटणारा दोष नेमका यामुळे येतो. बूस्टरने तो जात नाही.

यावरचा उपाय म्हणजे दोन तोंडांचा ट्विन एलएनबी किंवा चार तोंडांचा क्वाड, आणि प्रत्येक बॉक्सला छत्रीपासून स्वतंत्र वायर. वायरी जास्त लागतात, पण या यादीतला सर्वात खात्रीचा खर्च हाच आहे. एलएनबी तुमची कंपनी वापरते त्याच जातीचा घ्या. क्वाड आणि क्वात्रो यांत गल्लत करू नका: क्वात्रोची चार तोंडं ठरावीक पट्ट्यांना बांधलेली असतात आणि ती मल्टिस्विचसाठीच (एका छत्रीचा सिग्नल अनेक बॉक्सना वाटणारा डबा) असतात, बॉक्स थेट जोडला तर चौथाई चॅनलच मिळतील. मल्टिस्विचची गरज चारपेक्षा जास्त बॉक्स असलेल्या घराला किंवा सोसायटीला.

बूस्टर, म्हणजे लाइन अॅम्प्लिफायर, जवळजवळ सगळ्यांनाच विकला जातो आणि फार थोड्यांना लागतो. बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या असतात: सिग्नलची ताकद आणि सिग्नलचा दर्जा. बूस्टर पहिली वाढवतो, दुसरी नाही, कारण सिग्नलसोबत गोंगाटही तितकाच वाढतो. ताकद ९० टक्के आणि दर्जा ३० टक्के दिसत असेल तर छत्रीची दिशा, एलएनबीचा पीळ (तो पकडीत किती फिरवून बसवलाय) किंवा जोड तपासा. बूस्टर खरा कामाचा ४० मीटरपुढच्या वायरवर, आणि तोही छत्रीजवळ, सिग्नल अजून धडधाकट असताना. टीव्हीमागे लावलेला बूस्टर शोभेचा.

छत्री जुळवताना ताकदीकडे नको, दर्जाच्या पट्टीकडे पाहा. पुण्यातून ८३ अंश पूर्वेचा उपग्रह दक्षिणेच्या थोडा पूर्वेला, क्षितिजापासून सुमारे ६६ अंश वर असतो. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंशांवर, आग्नेयेला, साधारण ५९ अंश वर. आधी दिशा, मग उंची, मग एलएनबी हळूहळू पिळून बघा. प्रत्येक हालचालीनंतर दोन-तीन सेकंद थांबा, कारण पट्टी मागून येते. मुसळधार पावसात चित्र जाणं हा केयू-बँडचा (डिश ज्या फ्रिक्वेन्सींवर चालते त्या पट्ट्याचा) स्वभाव आहे, पण दर सरीला जात असेल तर जुळवणी काठावर आहे असं समजा. सह्याद्रीच्या पश्चिमेला ६० सेंटिमीटरऐवजी ७५ किंवा ९० ची छत्री पावसाळ्यात फरक दाखवते. मार्चमध्ये आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस रोज ठरावीक वेळी काही मिनिटं सिग्नल जातो. तेव्हा सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे असतो. त्यासाठी कुणाला बोलावू नका.

एक गमतीशीर दोष शहरांत वाढला आहे: कायम तेच दोन-तीन चॅनल फुटतात, बाकी सगळे ठणठणीत. चॅनलची उपग्रह-फ्रिक्वेन्सी ११,७०० मेगाहर्ट्झच्या खाली असेल तर तिच्यातून एलएनबीची स्वतःची ९,७५० वजा करा. समजा ११,५९० आहे, तर उरले १,८४०. हा आकडा मोबाइल टॉवरच्या १,८०५ ते १,८८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बसतो. समोरच्या इमारतीवरचा टॉवर सैल कनेक्टरमधून तुमच्या वायरीत शिरतोय. दाट जाळीची वायर आणि कॉम्प्रेशन कनेक्टर लावले की हा त्रास बहुतेक वेळा थांबतो.

बॉक्स ते टीव्ही

एकच बॉक्स ठेवून दोन खोल्यांत तेच चित्र दाखवायचं, दरमहा दुसऱ्या कनेक्शनचा आकार टाळायचा, ही मध्यमवर्गीय घरातली नेहमीची मागणी. अट एकच: दोन्हीकडे एकाच वेळी एकच चॅनल. (शेजाऱ्याच्या घरात वायर नेऊ नका; कनेक्शन एका घरापुरतंच असतं.)

पिवळा-लाल-पांढरा एव्ही जोड हा मळकट चित्राचा मूळपुरुष. एचडी चॅनलसुद्धा त्यातून ५७६ ओळींवर उतरतो, रंग आणि प्रकाश एकाच तारेत कोंबले जातात, म्हणून लाल अक्षरांच्या कडा नाचतात. २४ इंची जुन्या टीव्हीला तो खपतो, ४३ इंचावर नाही. वापरायचाच असेल तर बारीक तयार लीड टाकून द्या आणि पिवळ्या जोडासाठी आरजी-६ वर आरसीए पिन (एव्ही जोडाची तीच गोल पिन) लावून घ्या. २० मीटरपर्यंत स्पष्ट फरक दिसतो. आडवे पट्टे सरकत असतील तर दोन खोल्यांच्या अर्थिंगमध्ये फरक आहे. तिथे व्हिडिओ आयसोलेटर लावावा लागतो, वायर बदलून भागत नाही. जुना आरएफ मॉड्युलेटर, म्हणजे टीव्हीच्या अँटेनात जाणारा डबा, यापेक्षाही खाली: एव्हीचंच चित्र, त्यावर मुंग्या आणि मोनो आवाज. फक्त ट्यूबवाला टीव्ही उरला असेल तरच.

एचडीएमआय स्प्लिटर, एक आत दोन बाहेर, हा सर्वसाधारण घरासाठी चांगला सौदा, पण डब्यावर जे लिहिलेलं नसतं ते कळायला हवं. स्प्लिटर दोन्ही टीव्हींना विचारतो की काय झेपेल, आणि बरेच स्वस्त स्प्लिटर दोघांत जो कमी तेच दोघांना देतात. बेडरूमचा टीव्ही ७२० ओळींचा असेल तर हॉलचाही चित्रदर्जा खाली येऊ शकतो. बेडरूमच्या टीव्हीला फक्त स्टिरिओ येत असेल तर हॉलच्या साउंडबारचा डॉल्बीही जातो. ज्या स्प्लिटरवर ईडीआयडी (टीव्ही आपल्याला काय झेपेल ते कळवतो ती माहिती) निवडायचं छोटं बटण किंवा स्विच असतो, तो थोडा महाग असला तरी घ्यावा. एचडीसीपी (चित्राची नक्कल रोखणारं कुलूप) पाळणारा हवा, नाहीतर एचडी चॅनलवर काळी स्क्रीन. आणि त्याला वीज द्या त्याच्या स्वतःच्या अॅडॅप्टरने. टीव्हीच्या यूएसबीतून दिली तर तो टीव्ही बंद केला की दुसऱ्याचंही चित्र जातं.

बॉक्सच्या मेनूत आउटपुट १०८०आय (१०८० ओळी, एकाआड एक अशा दोन फेऱ्यांत) ठेवा. आपल्याकडचे एचडी चॅनल मुख्यतः याच रूपात येतात. ओळी जोडण्याचं काम बॉक्सपेक्षा चांगला टीव्ही नीट करतो. टीव्हीत 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' चालू करा, म्हणजे कडा कापल्या जात नाहीत. एसडी चॅनलवर शार्पनेस वाढवण्याची सवय मोडा. कॉम्प्रेशनचे डाग त्याने उठून दिसतात.

सोन्याच्या मुलाम्याचं सांगायचं तर, एचडीएमआय वायर चित्र धूसर करूच शकत नाही. कमी पडली तर पांढऱ्या ठिणग्या उडतात, चित्र गुलाबी-हिरवं होतं किंवा दोन-दोन सेकंद जातं. तेव्हा 'रंग उजळतील' म्हणून महाग वायर घेऊ नका. १०८० साठी चांगली तांब्याची वायर १०-१५ मीटरपर्यंत चालते. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय किंवा कॅट-६, म्हणजे नेटवर्कची वायर.

कॅट-६ एक्स्टेंडर, म्हणजे एचडीएमआयचं चित्र या वायरीतून लांब नेणारी दोन डब्यांची जोडी, हीच आमची पहिली शिफारस. पण तिन्ही जाती सारख्या नाहीत. दोन-दोन नेटवर्क जॅक असलेली आणि वीज न लागणारी जोडी काही मीटरपलीकडे डगमगते, घेऊ नका. एका वायरवर चालणारी, दोन्ही टोकांना वीज घेणारी किंवा एकाच टोकाच्या अॅडॅप्टरवर चालणारी ६० मीटरची जोडी घरासाठी पुरेशी: चित्र दाबलं जात नाही आणि उशीर जाणवत नाही. तिसरी जात नेटवर्कवर, म्हणजे आयपीवर चालते. ती १२० मीटर जाते, पण चित्र दाबून पाठवते आणि उशीर होतो. ती घरच्या राउटरला साध्या स्विचमधून जोडली तर तिचा प्रवाह सगळ्या नेटवर्कभर पसरतो आणि वायफाय गुदमरतं. आयजीएमपी स्नूपिंग (प्रवाह फक्त मागणाऱ्या यंत्राकडेच पाठवणं) असलेला स्विच नसेल तर तिच्यासाठी वेगळी वायर टाका. एचडीबेसटी, ही कॅट-६ वरून एचडीएमआय नेणारी वेगळी प्रणाली, उत्तम, पण तीन बेडरूमच्या फ्लॅटसाठी तिची किंमत पटत नाही.

कॅट-६ वायर मात्र खरी तांब्याची. अॅल्युमिनियमवर मुलाम्याची वायर स्वस्तात मिळते आणि ३० मीटरवर ठिणग्या दाखवते. दोन्ही टोकांना ५६८-बी हीच रंगरचना, मध्ये कुठेही जोड किंवा भिंतीतला जॅक नको. २३० व्होल्टच्या पाइपातून नेऊ नका. समांतर जायचंच तर १५-२० सेंटिमीटर अंतर ठेवा, ओलांडायचं तर काटकोनात.

वायरलेस एचडीएमआय आम्हाला आवडली नाही. एकाच खोलीत ठीक. आरसीसीची भिंत आड आली की चित्र अडखळतं, आणि उशीर एवढा की शेजारच्या खोलीतला टीव्ही आधी ओरडतो. एचडीएमआयचं डीव्हीबी-टी२ किंवा डीव्हीबी-सी (अँटेना आणि केबलच्या डिजिटल प्रसारणाचे प्रकार) करून जुन्याच अँटेना वायरीतून घरभर वाटणारा डिजिटल मॉड्युलेटर कल्पना म्हणून सुंदर: चित्र एचडी राहतं, टीव्ही कितीही जोडा. पण डीटीएच बॉक्सवर एचडीसीपी असल्यामुळे बहुतेक मॉड्युलेटर काळी स्क्रीन दाखवतात, किंमतही बरीच, आणि टीव्हीत तो ट्यूनर आहे का ते आधी पाहावं लागतं. हॉटेल-लॉजला शोभेल, घराला नाही.

फक्त फ्री डिश पाहणाऱ्या घराला यातलं बरंचसं लागतच नाही. मासिक आकार नाही, म्हणून प्रत्येक टीव्हीला स्वतःचा साधा बॉक्स आणि ट्विन किंवा क्वाड एलएनबी, हाच सर्वात स्वच्छ आणि स्वस्त मार्ग. टीव्हीतच उपग्रह ट्यूनर असावा यासाठी भारतीय मानक आयएस १८११२ आलं आहे. असा टीव्ही असेल तर बॉक्सही नको, एलएनबीची वायर थेट टीव्हीत.

शेवटचा अडथळा रिमोटचा. बॉक्स हॉलमध्ये आणि पाहणारा आत, म्हणून आयआर (रिमोटचे न दिसणारे किरण) परत पाठवणारा एक्स्टेंडर घ्या. त्याचा पाठवणारा डोळा बॉक्सच्या आयआर खिडकीवर नेमका चिकटवा, बोटभर बाजूला सरकला तरी बटणं चुकतात. घेणारा डोळा टीव्हीच्या चौकटीला चिकटवू नका, थोडा दूर ठेवा. नव्या अँड्रॉइड बॉक्सांचे रिमोट मात्र अनेकदा ब्लूटूथचे असतात, त्यांना आयआर एक्स्टेंडरचा उपयोग नाही. खरेदीआधी रिमोटचं टोक फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून चॅनलचं बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका चमकला तर आयआर. नाही चमकला तर सेल तपासून पुन्हा एकदा बघा, आणि तरीही नाही तर आयआर नसलेला साधा एक्स्टेंडर घ्या.